स्कँडिनेव्हियन पद्धतीचा चारक्युटरी बोर्ड: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

स्वीडनमधल्या गोथेनबर्गला आमच्या घरी वर्षातून तीनदा तरी मोठी फळी मांडली जाते: मिडसमरला, नाताळच्या आधी आणि पुण्याहून कोणी आलं की. फोटो ग्रुपवर गेले की प्रश्न सुरू होतात, आणि ते दरवेळी तेच असतात. मावसबहीण विचारते ते मागच्या वर्षी आतेभावाने विचारलेलं असतं. म्हणून एकदा बसून उत्तरं लिहून काढली. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागली तर तिथे फक्त प्रश्नाचा आकडा दिला आहे.

१. हे म्हणजे चीज प्लॅटरच ना? फक्त नाव वेगळं?

नाही. चारक्युटरी हा फ्रेंच शब्द. खारवलेलं, वाळवलेलं, धुरी दिलेलं मांस आणि त्याचे सॉसेज, पाते (मांसाची मऊ पेस्ट) वगैरे प्रकार. स्वीडिश लोकांनी तो शब्द उचलून छोटा केला आणि त्याचा उच्चार ते 'शार्क' असा करतात. दुकानात मांसाच्या काउंटरवर तीच पाटी असते. आमच्याकडे आलेल्या एका काकांनी ती वाचून घेतली आणि "इथे मोरी एवढी खातात?" असं गंभीरपणे विचारलं होतं.

फरक तीन ठिकाणी आहे. इथल्या फळीवर मांसाच्या आधी मासे येतात. ब्रेड हा तोंडी लावण्यापुरता नसून सगळं त्याच्यावरच चढतं. आणि खाण्याला क्रम असतो. आपल्याकडे पानात मीठ, लिंबू, चटणी डावीकडे आणि भाजी उजवीकडे, हे वाढणाऱ्याला सांगावं लागत नाही. इथेही तसंच आहे. इन्स्टाग्रामवर दिसणारे द्राक्षं-बिस्किटं ओतून रचलेले डोंगर छान दिसतात, पण त्यात कुठून सुरुवात करायची हेच कळत नाही.

२. स्मॉर्गॉसबोर्ड, स्मरब्रॉड, कोल्टबोर्ड: ही सगळी एकाच गोष्टीची नावं का?

एका कुटुंबातली, पण वेगळी. स्मॉर्गॉसबोर्ड हे स्वीडिश. स्मॉर्गॉस म्हणजे लोणी लावलेला उघडा ब्रेड आणि बोर्ड म्हणजे टेबल. १९३९च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात स्वीडनच्या दालनातल्या रेस्टॉरंटने ते मांडलं आणि हा शब्द इंग्रजीत रुळला. नॉर्वेत त्यालाच कोल्टबोर्ड, म्हणजे थंड टेबल म्हणतात. स्मरब्रॉड हे डेन्मार्कचं: काळसर राय ब्रेडचा एकेक तुकडा, वर रचून दिलेला, काटा-सुरीने खायचा. हाताने उचलून खाल्लात तर कोणी हाकलणार नाही, पण बघतील.

काटेकोर बोलायचं तर स्कँडिनेव्हिया म्हणजे डेन्मार्क, नॉर्वे आणि स्वीडन. फिनलंड आणि आइसलँड धरले की नॉर्डिक. बोर्डावर मात्र ही सीमा कोणी पाळत नाही, मीही नाही.

३. आठ माणसांसाठी किती आणायचं?

माझा हिशोब असा: जेवणाऐवजी असेल तर माणशी मासे आणि मांस मिळून १५० ग्रॅम, चीज ८० ग्रॅम. जेवणाआधी असेल तर दोन्ही निम्मं. आठ जणांना तीन प्रकारचे मासे, दोन मांसाचे, तीन चीज पुरतात. प्रकार वाढवू नका. बारा प्रकार आणले की प्रत्येकाचा एक तुकडा उरतो आणि फ्रीजमध्ये बारा डबे होतात. उकडलेले बटाटे आणि अंडी मात्र सढळ हाताने घ्या, पोट त्यानेच भरतं.

४. ब्रेड कुठला? राय म्हणजे आपली राई का?

नाही, आणि हा गोंधळ दर महिन्याला एकदा होतो. राई म्हणजे मोहरी. राय हे धान्य आहे, गव्हाच्या जातीचं पण थंडी सोसणारं. त्यातही ग्लुटेन असतं, त्यामुळे सिलिअ‍ॅक असलेल्यांना चालत नाही.

दोन ब्रेड हवेतच. एक दमट, जड, डॅनिश पद्धतीचा राय ब्रेड, पातळ कापलेला. दुसरा क्नेकेब्रॉड, म्हणजे कडक कुरकुरीत राय पाव. जुन्या पद्धतीच्या गोल क्नेकेला मधोमध भोक असतं, कारण तो दांडीत ओवून छताखाली टांगून ठेवत; महिनोन् महिने टिकायचा. त्याची एक बाजू खळग्यांची आणि एक सपाट. लोणी कुठल्या बाजूला लावायचं यावरून इथे घराघरांत वाद आहेत. मी खळग्यांच्या बाजूला लावते, लोणी जास्त बसतं. लोणी खारं आणि मऊ हवं, फ्रीजमधून अर्धा तास आधी काढा.

५. ते बाटलीतले गोड मासे खरंच खातात?

त्यांच्यावाचून बोर्ड नाही. तो हेरिंग, स्वीडिशमध्ये सिल. आपल्या तारलीचा चुलतभाऊ म्हणायला हरकत नाही. आधी मिठात मुरतो, मग पाण्यात खार उतरवून व्हिनेगर-साखरेच्या पाकात जातो. प्रमाण पाठ करायला सोपं: एक-दोन-तीन. एक वाटी एत्तिका (इथलं तीव्र व्हिनेगर), दोन वाट्या साखर, तीन वाट्या पाणी. उकळून पूर्ण गार करायचं, त्यात कांद्याच्या चकत्या, गाजर, ऑलस्पाइस, तमालपत्र आणि मासा, आणि किमान एक दिवस फ्रीजमध्ये.

यात एक खड्डा आहे. एत्तिका १२ टक्क्यांचं असतं, तर भारतातलं साधं व्हिनेगर ४ टक्क्यांच्या आसपास. तेच प्रमाण धरलंत तर पाक नुसता गोड आणि मिळमिळीत होतो, आणि मासा टिकतही नाही. तिथे तीन वाट्या व्हिनेगर, एक वाटी पाणी आणि दोन वाट्या साखर घ्या. आंबटपणा बरोबर तेवढाच येतो. उलट स्वीडनमध्ये २४ टक्क्यांची बाटलीही मिळते, लेबल न वाचता ती ओतू नका.

पहिल्यांदा खाताना असं करा: क्नेकेवर लोणी, त्यावर गरम उकडलेल्या बटाट्याची चकती, वर सिलचा तुकडा, चमचाभर आंबट क्रीम आणि कात्रीने कापलेली चाइव्हची पात. बटाट्याची ऊब आणि माशाचा गारवा एकाच घासात लागला की गोडाची तक्रार राहत नाही. मोहरीच्या सॉसमधला सिल आपल्या जिभेला सगळ्यात आधी पटतो.

स्ट्रॉमिंग हाही हेरिंगच, बाल्टिक समुद्रातला, आकाराने लहान. त्याबद्दलची सावधगिरी प्रश्न १३ मध्ये.

६. ग्रावलाक्स घरी होतो का? कच्चा मासा म्हणून भीती वाटते.

होतो, आणि फार सोपा आहे. ग्राव म्हणजे खड्डा: पूर्वी कोळी मासा मिठात घालून जमिनीत पुरून ठेवत, नाव तिथून आलं. आता पुरायचं नाही. किलोभर सामन (सॅमन) माशाचे कातडीसकट दोन तुकडे घ्या. चार मोठे चमचे मीठ, चार मोठे चमचे साखर, भरडलेली पांढरी मिरी चोळा, मध्ये शेपूची जुडी देठासकट ठेवा, मांस मांसाला लागेल असे तुकडे एकमेकांवर ठेवून पिशवीत बांधा. फ्रीजमध्ये दोन दिवस, रोज सकाळ-संध्याकाळ उलटायचं. पिशवीत पाणी सुटतं, ते सुटायलाच हवं. मग पुसून, सुरी जवळजवळ आडवी धरून पारदर्शक काप काढायचे. सोबत मोहरी, साखर, व्हिनेगर, तेल आणि शेपूचा सॉस; त्याला इथे होव्हमेस्तारसोस म्हणतात.

भीती निराधार नाही. कच्च्या माशात कृमी असू शकतात, म्हणून मासा आधी गोठवतात: घरच्या उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये पूर्ण तीन दिवस. गोठवल्याने कृमी मरतात, जिवाणू नाही. म्हणून ज्यांना लिस्टेरिया या जिवाणूचा धोका असतो त्यांनी हा मासा टाळायचा (प्रश्न १३).

७. ती हिरवी पालेभाजी म्हणजे शेपूच का? आमच्याकडे मुलं शेपू बघून पळतात.

शेपूच. इथला जरा कोवळा, गोडसर असतो, पण वनस्पती तीच. फरक वापराचा आहे. आपण मूगडाळीबरोबर परतून शिजवतो आणि वास घरभर होतो; इथे तो बहुतेक कच्चाच, शेवटी वरून पडतो. शेपूचं नाव काढलं की ताटावरून उठणारा माझा भाऊ ग्रावलाक्सवर तोच शेपू मागून घेऊन खातो. त्याला मी अजून सांगितलेलं नाही.

जाता जाता: स्वीडनमध्ये 'कुम्मिन' लिहिलेली पुडी जिरं म्हणून आणू नका. ते शहाजिरं आहे. जिऱ्याला इथे 'स्पीसकुम्मिन' म्हणतात. माझी पहिली दोन महिन्यांची आमटी यात गेली.

८. मांस कुठलं निवडायचं? आमच्याकडे काही जण बीफ खात नाहीत, काही पोर्क नाही.

मग निवड सोपीच होते. नॉर्वेचं फेनालोर म्हणजे मेंढीची खारवून वाळवलेली तंगडी, कागदासारखी पातळ कापतात. धुरी दिलेलं रेनडिअर हे उत्तरेतल्या सामी लोकांचं; त्यांच्या खारवून धुरी दिलेल्या प्रकाराला सुओवस म्हणतात. चव गडद, चरबी जवळजवळ नाही, आणि त्यावर किसलेलं हॉर्सरॅडिश. हॉर्सरॅडिश म्हणजे फेसलेल्या मोहरीसारखी नाकात जाणारी मुळी. हे दोन्ही घेतले तर बीफ-पोर्कचा प्रश्नच येत नाही. फक्त सॉसेजच्या रूपात घेतलंत तर लेबल वाचा, रेनडिअरच्या सॉसेजमध्येही अनेकदा डुकराचं मांस मिसळलेलं असतं.

डॅनिश लेव्हरपोस्टाय ही यकृताची पेस्ट. नेहमीची पोर्कचीच असते. रूलेपोल्से म्हणजे मसाला लावून गुंडाळी करून दाबलेलं मांस, बहुतेकदा पोर्क. पाहुण्यांत मिश्र मंडळी असतील तर पोर्कची वेगळी फळी आणि वेगळी सुरी ठेवा. न विचारता ठेवा, त्यांना मागायला लावू नका.

९. चीज कुठलं, आणि ते कापायची काही रीत असते का?

एक कडक, एक मऊसर आणि एक ब्रूनोस्त (प्रश्न १०). कडकमध्ये माझं मत स्वीडनच्या वेस्टरबोटेनला. ते १८७२पासून बुर्ट्रेस्क नावाच्या उत्तरेकडच्या गावात बनतं. दाणेदार, किंचित कडवट. मऊसरमध्ये डेन्मार्कचं हावार्टी. निळं हवंच असेल तर दानाब्लू, पण ते दूर कोपऱ्यात, नाहीतर सगळ्या फळीला तोच वास.

रीत आहे. नॉर्वेतल्या लिलेहामरच्या थॉर ब्योर्कलुंड या सुताराने १९२५मध्ये रंध्यावरून कल्पना घेऊन चीज तासायचं हत्यार काढलं, ओस्तेहोवेल. त्याने चीज सपाट तासायचं. एकाच बाजूने ओढत गेलं की चीज एकीकडे खचतं, त्याला 'स्कीची उतरण' म्हणतात आणि तो पाहुण्याचा मोठा गुन्हा. पहिल्या वर्षी शेजारच्या आजींकडे मी तशी उतरण केली. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, चीज हातात घेतलं, उंच बाजू चार फटक्यांत तासून समतल केली आणि ते काप माझ्या ताटात ठेवले.

१०. ब्रूनोस्त हे चीज आहे की मिठाई?

दोन्हींच्या मधलं. दूध फाटल्यावर उरणारं पाणी, म्हणजे निवळी, तासन् तास आटवतात. त्यातली साखर करपत जाऊन तपकिरी होते. १८६३च्या सुमारास नॉर्वेच्या गुडब्रान्सदाल खोऱ्यात आने हॉव्ह या बाईंनी त्यात साय घातली आणि आजचा मऊ प्रकार जन्मला. आपल्या माणसाला समजावायचं तर धारवाडी पेढ्यात मीठ पडलं आणि शेळीचा वास राहिला असं समजा. २०१३मध्ये नॉर्वेतल्या एका बोगद्यात २७ टन ब्रूनोस्त घेऊन जाणाऱ्या ट्रकला आग लागली आणि ती अनेक दिवस विझेना. त्यात साखर आणि चरबी किती, हे त्यावरून कळेल.

पनीरसारखे चौकोन कापू नका. मी कापले होते, सगळे तसेच उरले. ओस्तेहोवेलने पातळ पट्टी काढा, ती आपसूक वळते, आणि आंबट जॅमबरोबर द्या.

११. आंबट-गोड म्हणून काय ठेवायचं? लिंगॉन मिळालं नाही तर?

लिंगॉन ही लाल, आंबट-तुरट रानबेरी. तिच्यात मुळातच बेन्झोइक आम्ल असतं, म्हणून नुसत्या साखरेत कालवून ठेवली तरी टिकते, शिजवावी लागत नाही. भारतात पर्याय करवंदाचा: महाबळेश्वर, कोकणाकडचा करवंदाचा जॅम, साखर कमी असलेला. स्ट्रॉबेरी नको, ती फार गोड पडते.

शिवाय काकडी: पातळ चकत्या मीठ लावून वजनाखाली अर्धा तास दाबायच्या, पाणी टाकून प्रश्न ५ मधल्या पाकात बुडवायच्या. आणि व्हिनेगरमधलं बीट, पण वेगळ्या वाटीत. बीट चीजला लागलं की सगळं गुलाबी.

१२. मांडायचं कसं? फोटोत तुमची फळी अर्धी रिकामी दिसते.

मुद्दाम. डावीकडून उजवीकडे: सिल, मग ग्रावलाक्स, मग मांस, शेवटी चीज आणि जॅम. माणसं त्याच दिशेने सरकतात आणि प्रत्येक टप्प्याला ताटली बदलतात, कारण माशाच्या पाकात चीज बुडलेलं कोणाला आवडत नाही. मांस-माशांचे काप एकावर एक थापू नका, सुट्या घड्या घाला. मध्ये जागा ठेवली की माणसाला काटा घालता येतो.

ओलं ते वाटीत, वाटी ताटलीत. माझ्या पहिल्या बोर्डावर सिलची वाटी क्नेकेच्या शेजारी होती. कोणाचा तरी चमचा निसटला, पाक सांडला, आणि अर्ध्या तासात क्नेकेची चहात बुडवलेली खारी झाली. आता ब्रेड फळीवर ठेवतच नाही, टोपलीत, वेगळा.

१३. गरोदर बाई किंवा लहान मुलं असतील तर?

गरोदरपणी ग्रावलाक्स, थंड धुरी दिलेला सामन आणि बुरशीची मऊ किंवा निळी चीज नकोत, लिस्टेरियामुळे. वाळवलेलं कच्चं मांस आणि यकृताची पेस्टही त्या वेळी सोडलेली बरी. भट्टीत पूर्ण शिजवलेला सामन, उकडलेली अंडी, कडक चीज, बटाटे चालतात. बाल्टिकमधल्या स्ट्रॉमिंगमध्ये डायॉक्सिन हे विषारी प्रदूषक साठतं, म्हणून स्वीडनच्या अन्न प्रशासनाचा सल्ला आहे की मुलांनी आणि पुढे मूल होऊ देण्याच्या वयातल्या स्त्रियांनी तो वर्षातून दोन-तीनदाच खावा. मुलांना तसाही खाऱ्या माशांपेक्षा ट्यूबमधला 'काल्लेस' नावाचा कॅव्हिआर आवडतो: कॉडच्या गाभोळीची गोडसर-खारी पेस्ट, अंड्याच्या चकतीवर पिळायची.

१४. आम्ही शाकाहारी. आम्हाला यात काय?

पुष्कळ. राय ब्रेड, गरम बटाटे आणि शेपू-लोणी, चँटरेल मशरूम लोण्यात परतून, काकडी, बीट, मोहरीचा सॉस, खात असाल तर अंडी. अडचण चीजची आहे. युरोपातल्या बऱ्याच चीजमध्ये दूध फाडायला वासराच्या जठरातलं रेनेट वापरतात; ब्रूनोस्तची निवळीही त्याच प्रक्रियेतून आलेली असू शकते. लेबलवर मायक्रोबियल रेनेट लिहिलंय का बघा. भारतात विकत घेत असाल तर हिरवा ठिपका बघा, प्रश्न मिटला.

१५. हे सगळं मुंबई-पुण्यात कसं जमवायचं?

लिंगॉनचा जॅम आणि क्नेकेब्रॉडसाठी तुर्भ्याचं आयकिया. धुरी दिलेला सामन मोठ्या दुकानात गोठवलेला मिळतो, तो फ्रीजमध्ये रात्रभर उतरवा.

बाजारातला ताजा मासा मात्र कच्चा मुरवू नका. त्यापेक्षा इथलाच दुसरा प्रकार करा: स्ट्रॉमिंग पिठात घोळवून लोण्यात तळतात आणि गरम असतानाच एक-दोन-तीनच्या पाकात सोडतात. तारलीला हे अगदी जुळतं, लहान बांगड्यालाही. काटे व्हिनेगरमध्ये मऊ पडतात. व्हिनेगरचं प्रमाण प्रश्न ५ मधलं भारतीय.

गोव्याचं चोरीस सलामीसारखं कापून ठेवू नका. ते शिजवून खायचं असतं. आणि इथून सामानातून मांस-चीज आणायला सांगू नका. कस्टमच्या फॉर्मवर त्याचा वेगळा रकाना आहे.

१६. सोबत प्यायला?

अक्वाविट: शहाजिरं किंवा शेपूच्या वासाची, किमान ३७.५ टक्क्यांची दारू, छोट्या पेल्यात, सिलबरोबर, आधी गाणं म्हणून. बाकी वेळ बिअर. स्वीडनमध्ये पाहुणे शनिवारी रात्री येणार असतील तर लक्षात ठेवा: ३.५ टक्क्यांवरची दारू दुकानातून घ्यायची तर सिस्टेमबोलागेट या सरकारी दुकानातच मिळते आणि शनिवारी दुपारी तीनला ते बंद होतं. न पिणाऱ्यांना एल्डरफ्लॉवरचं सरबत. फुलांचं, आपल्याला लगेच आवडणारं.

१७. किती वेळ बाहेर ठेवता येतं?

मासे आणि मऊ चीज दोन तास. मुंबईच्या मे महिन्यात एक. सगळं एकदम मांडू नका. अर्धं फ्रीजमध्ये ठेवून भर घालत राहा. वाळवलेलं मांस आणि कडक चीज जास्त सोसतं.

१८. त्या फुगलेल्या डब्यातला वासाचा मासा ठेवू का, गंमत म्हणून?

नको. सुरस्ट्रॉमिंग हा आंबवलेला हेरिंग, डब्यातही आंबत राहतो म्हणून डबा फुगतो. २००६मध्ये एअर फ्रान्स आणि ब्रिटिश एअरवेज यांनी तो विमानात न्यायला बंदी केली. उत्तर स्वीडनमध्ये ऑगस्टअखेर त्याच्या स्वतंत्र मेजवान्या होतात, घराबाहेर, पातळ ब्रेड, बटाटा आणि कांद्याबरोबर, आणि ते लोक गंमत म्हणून खात नाहीत. बोर्डावर ठेवलात तर बाकी कशाचीच चव लागणार नाही.

१९. उरलेल्याचं काय करता?

सिल पाकातच बरणीत परत. पण पाहुण्यांचे चमचे फिरलेल्या वाटीतला नाही, तो त्याच रात्री संपवायचा. मांसाचे काप, उरलेले बटाटे आणि कांदा बारीक चौकोनी चिरून लोण्यात खरपूस परतायचे. याला इथे प्युत्तिपाना म्हणतात. बटाटा आधी एकटा तांबूस होऊ द्या, मांस शेवटच्या दोन मिनिटांत, नाहीतर ते चामड होतं. वर अर्धकच्चं तळलेलं अंडं, बाजूला बीट. आमच्याकडे त्यात एक हिरवी मिरची पडते. शेजारच्या आजींना ती चालते, फक्त बिया काढलेली.